सरकीचा डबा

निंबा नानांनी केलेली एक यादी माझ्याकडे अजून आहे. दवाखान्याच्या केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. एक, जीपचा पुढचा एक्सल, फेरे मोजून. दोन, साखळी, वीस हात, टोकाला जुवाचा आकडा. तीन, खुरपी, दोन नग. चार, सरकी, एक डबा. पाच, पऱ्हाट्यांच्या मोळ्या, दोन. खाली सही नाही, तारीख नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात धुळ्यात एक धर्मादाय दवाखाना होता. त्याची एक फिरती व्हॅन होती. आत एक बाक, एक स्ट्रेचर, औषधांचं कपाट. आठवड्यातून पाच दिवस ती पाच दिशांना जायची. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेळापत्रक पाळलं जायचं. पावसाळ्यात नरडाण्याच्या उत्तरेची, तापीच्या अंगाची गावं सुटायची. तिथली माती काळी आणि खोल. एक पाऊस झाला की गाडीवाटेने व्हॅन जात नसे आणि ते तीन-चार महिने गावं दवाखान्याविना राहत. एका देणगीदाराने हे थांबवण्यासाठी रक्कम दिली. गाडीचं काय करायचं ते ठरवण्याचं काम ड्रायव्हरकडे आलं. ड्रायव्हर म्हणजे निंबा नाना.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. दवाखाना माझ्या फेरीत यायचा, म्हणून नाना ओळखीचे.

ते भडगावजवळचे, गिरणाकाठच्या एका खेड्यातले. घरची शेती भावांकडे राहिली आणि हे विशीत धुळ्याला येऊन आग्रा रोडवरच्या गॅरेजात लागले. दवाखान्यात आले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. उंच, डावा खांदा थोडा उतरलेला. कानावर विडी असावी तसा खडूचा तुकडा असे. गाडीचा कुठलाही भाग तपासला की त्यावर खडूने खूण करत. खूण नसलेल्या नटाला ते हात लावलेला नट मानत नसत. बैलगाडी समोरून आली की व्हॅन बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. हॉर्न वाजवत नसत. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "त्यांच्या कानाला आपला आवाज कशाला? ओझं त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे डिझेल आहे."

कोणी काही नवी योजना सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असे, "बांधायचं कशाला?" म्हणजे जोर कशाच्या आधाराने लावणार. गॅरेजातली ही सवय त्यांनी सगळीकडे नेली होती. व्हॅनवरच्या सिस्टरने बदलीचा अर्ज करायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

चिखलासाठी नानांनी व्हॅनच्या पुढच्या चाकांनाही ताकद द्यायचं ठरवलं. त्यासाठी सैन्याच्या लिलावात निघालेल्या जुन्या जीपचा एक्सल आणि ती ताकद पुढे-मागे वाटून देणारा गिअरबॉक्स लागणार होता. तसा माल जळगावच्या भंगार बाजारात मिळे. मला जळगावला कोर्टाचं एक काम होतं, म्हणून मी व्हॅनमधून बरोबर गेलो. दुकानात सहा-सात एक्सल एकावर एक टाकलेले होते.

"मिस्त्री, मिलिट्रीचा माल आहे. डोळे मिटून न्या," दुकानदार म्हणाला.

"डोळे मिटून नेला तर नंतर उघडे ठेवून रडावं लागतं," नाना म्हणाले आणि बाही सारून बसले.

मला एक चाक घट्ट धरायला सांगितलं. दुसऱ्यावर खडूची रेघ मारून ते हळूहळू फिरवलं आणि मधल्या शाफ्टचे फेरे मोजले. मागच्या एक्सलचा आकडा त्यांनी व्हॅनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून आणला होता. पहिला एक्सल त्याच्याशी जुळेना. दुसराही जुळेना.

"पाव फेऱ्याचा तर फरक आहे!" दुकानदार वैतागला. "चिखलात कोण मोजायला येणार आहे?"

"चाकं मोजतील. पुढची एक म्हणतील, मागची दुसरं म्हणतील, आणि मधला शाफ्ट मरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपरवाले भाऊ, ही जोडी आहे. जोडीतला एक लांब पावलाचा आणि एक आखूड पावलाचा असला की दोघांचे खांदे सोलतात."

पाचवा एक्सल जुळला. तोवर दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी त्यावर खडूची खूण केली, मग पाणी मागितलं.

प्रश्न गाडी रुतल्यावर काय करायचं याचा होता. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी रुतणार नाही, असं दवाखान्याच्या अध्यक्षांना वाटत होतं. नानांना तसं वाटत नव्हतं. "दोन चाकांची गाडी वावराच्या कडेला रुतते, साहेब," ते म्हणाले. "चार चाकांची मध्यात जाऊन रुतते. रुतायचं दोघींनाही आहे."

दवाखान्याचे डॉक्टर काही वर्षं सैन्यात होते. त्यांनी सुचवलं की हाताने ओढायचा पुलर घ्यावा. विजेच्या तारा ताणायला लाइनमन वापरतात तसलं हे यंत्र. दांडा मागेपुढे केला की तारेचा दोर इंच इंच आत येतो. नानांनी एका लाइनमनकडून तो मागून आणला आणि मे महिन्यात एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या वावरात तपासला. मीही तिथे होतो. त्या वावरात एकही झाड नव्हतं. नानांनी दोन टँकर पाणी सोडून जमिनीचा एक पट्टा भिजवला, व्हॅन त्यात घातली, पुढे ओल्या मातीत तीन पहारी ठोकल्या, पुलर त्यांना बांधला आणि दांडा ओढला. व्हॅन जागची हलली नाही. पहारी मात्र तिरक्या होत एकामागून एक उपसून आल्या.

"बांधायचं कशाला?" नाना म्हणाले.

"स्टेपनी पुरा," डॉक्टर म्हणाले. "हातभर खोल खड्डा करा, चाक आडवं गाडा, त्याला बांधा. आम्ही हेच करायचो."

पाणी संपलं होतं. खड्डा कोरड्या बाजूला खणावा लागला. मे महिन्यातली काळी माती दगडासारखी होती. दोन माणसं आळीपाळीने कुदळ चालवत होती. नाना घड्याळाकडे बघत होते. हातभर खोल जायला सव्वा तास लागला. गाडलेल्या चाकाला बांधल्यावर पुलरने व्हॅन बाहेर काढली. त्याला वीस मिनिटं लागली.

"पेशंट आत असेल तर सव्वा तास कोणी द्यायचा?" नानांनी विचारलं. "प्रत्येक गावात बैलजोड्या आहेत. वीस हाताची साखळी असली की जोडी कडक वाटेवर उभी राहते आणि गाडी चिखलात. दोन जोड्या लावल्या तर दहा मिनिटांचं काम."

ठरलं. पुलर परत गेला. कमिटीपुढे यादी आली तेव्हा अध्यक्ष चौथ्या ओळीवर थांबले.

"सरकी? ही कशाला, नाना?"

"जी जोडी ओढेल तिच्यासाठी. ओढून झालं की पाटीभर द्यायची."

"हे गाडीच्या सामानात येतं का?"

"तुम्ही डिझेल लिहिता तसं लिहा, साहेब."

कमिटी हसली आणि यादी मंजूर झाली. मीही हसलो होतो.

काम दीड महिना चाललं. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून व्हॅन उंच केली. तरी जीपचा एक्सल पुढे बराच खाली आला. नानांनी तो हाताने चाचपला, पण खडूने खूण केली नाही. त्याहून वर तो जात नव्हता.

पहिल्या पावसाळ्यात व्हॅन तापीकाठच्या गावांत दर बुधवारी गेली. जुलैत ती दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा बैलांनी ओढून काढली, दहा-बारा मिनिटांत. नानांनी दोन्ही वेळा जोड्यांपुढे सरकीची पाटी ठेवली, खाणं संपेपर्यंत थांबले, बैलांचे खांदे हाताने दाबून पाहिले, मग गाडी सुरू केली. मी त्यावर सविस्तर बातमी केली. मथळा होता, 'आता चिखल आडवा येणार नाही'. हा मथळा मीच दिला होता.

पोळा त्या वर्षी बुधवारी आला. सिस्टर म्हणाल्या, सणाच्या दिवशी कोण येणार? नाना म्हणाले, "बुधवार त्यांचा आहे. आपण आपला वार मोडायचा नाही." मी पोळ्याचा वृत्तांत लिहिणार होतो, म्हणून पुढच्या सीटवर बसलो. डॉक्टर त्या दिवशी धुळ्यातच होते. पुढच्या वेळा माझ्या वहीतल्या आहेत.

दहा वाजता आम्ही चिंचवाड्याला पोचलो. बैल नदीवरून धुऊन आणले होते, शिंगं रंगवली होती, नवे कासरे आणि गोंडे घातले होते. दाराशी खापरावर मांडे होत होते. साडेदहाला पाऊस सुरू झाला. सव्वाअकराला उखा आबा नावाच्या शेतकऱ्याच्या घरून ओरडा ऐकू आला. त्यांची सून मंगल चुलीसाठी गोवऱ्या काढायला मागच्या ढिगाकडे गेली होती. साप मनगटाला चावला. वय बावीस. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी ती व्हॅनमध्ये स्ट्रेचरवर होती. सापाच्या विषावरचं औषध गाडीत ठेवता येत नसे, ते धुळ्याला होतं. पाऊण तासाचा रस्ता. बायका म्हणत होत्या, नशीब, गाडी दाराशी होती.

गावापासून डांबरी सडकेपर्यंत दीड मैल गाडीवाट होती. मध्ये एक नाला. नाना नाल्याच्या अलीकडच्या चिखलात चारही चाकांवर गेले आणि गाडी पन्नास फूट चालली. दोन चाकांची असती तर कडेलाच थांबली असती. मग चिखल चाकं आणि पत्रा यांच्यामध्ये भरत गेला, चाकं फिरेनाशी झाली, आणि पुढचा एक्सल नांगरासारखा जमिनीत उतरला. अकरा चाळीस.

नाना उतरले, साखळी खांद्यावर टाकली आणि गावाकडे पळत सुटले. मी मागे. जोड्या मारुतीच्या देवळापुढे रांगेत उभ्या होत्या. अंगावर झुली, खांद्यांना आदल्या संध्याकाळी चोळलेलं तूप आणि हळद. ते खांदे त्या दिवशी जू घेत नाहीत. उखा आबांनी आपल्या जोडीचा कासरा सोडला आणि नानांपुढे धरला.

"ले नाना. जुंपी दे. मनी सून शे ती."

नानांनी कासरा घेतला नाही. त्यांनी बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. हात हळदीने पिवळा झाला.

"नही आबा," ते म्हणाले. "आज नही. आज त्यासना दिन शे. मान्से वढतीन."

हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. आबांनी कासरा खाली घेतला. तीस-पस्तीस माणसं धावत निघाली.

साखळी जुवाच्या आकड्यासाठी केलेली होती. ओल्या लोखंडाच्या कड्यांना माणसाचा हात धरत नाही. पहिल्या तीन झटक्यांत तिघांचे तळवे फाटले आणि साखळी चिखलात पडली. नानांनी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांच्या, मोळ्या चाकांखाली घातल्या, दोघांनी खुरप्यांनी चाकं मोकळी केली. पुढच्या झटक्यात ती पुन्हा भरली. मग नानांनी गावातून बैलांचे नवे कासरे मागवले. जू नाही, फक्त दोर. दोन्ही बाजूंनी ते साखळीला बांधले, एकेका दोराला चार-चार माणसं. व्हॅनच्या दारातून सिस्टरचा आवाज येत होता, "मंगल, डोळे उघड. बाय, माझ्याकडे बघ." बारा पस्तीसला एक्सल मोकळा झाला. बारा पन्नासला गाडी नाल्याच्या पलीकडे होती.

वाटेत सोनगीर यायच्या आधी मंगलचा श्वास थांबला. सिस्टरने गाडी थांबवायला सांगितली नाही आणि नानांनी थांबवली नाही. धुळ्यापर्यंत ते त्याच वेगाने चालवत राहिले.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तो नाग असेल तर तास वाचला असता तरी ती वाचली असती असं खात्रीने म्हणता येत नाही. कोणी तक्रार केली नाही. गावात नानांना कोणी दोष दिला नाही; उलट त्यांनी पोळ्याचा मान ठेवला, असं चार लोकांनी मला सांगितलं. मी बातमी दिली: सर्पदंशाने विवाहितेचा मृत्यू. सात ओळी. दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसच्या जिन्याखाली उभे होते. हातात अंक होता.

"बैलांचं नाही लिहिलं," ते म्हणाले.

"नाही."

"मी नको म्हटलं ते?"

"नाही, नाना."

त्यांनी अंकाची घडी घातली. बरं केलं की वाईट, ते विचारतील असं मला वाटलं. घडी खिशात घालून ते निघून गेले.

आठ दिवसांनी ते उखा आबांकडे गेले. सिस्टर बरोबर होत्या. त्यांनी सांगितलेलं असं. आबा ओट्यावर बसले होते. नाना शेजारी बसले. मग आबा म्हणाले, "तू नही म्हना ना नाना, तवय माले मनमा बरं वाटनं व्हतं. तेच माले खाई ऱ्हायनं." नानांनी मान हलवली आणि उठले. परतीच्या वाटेवर नाल्यापाशी ते गाडीतून उतरले, स्टेपनी ठेवायच्या जागेतून कुदळ काढली आणि वाटेच्या कडेला खणायला लागले. जमीन ओली होती. सिस्टर घड्याळ बघत होत्या, कारण त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. हातभर खड्ड्याला बारा मिनिटं लागली.

त्यानंतर त्यांच्या तोंडून एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. गॅरेजात, चहाच्या टपरीवर, मध्येच, विषय दुसराच असताना. "पहारी ओल्यात तपासल्या आणि खड्डा कोरड्यात." समोरच्याला अर्थ कळत नसे आणि नाना सांगत नसत. एकदा मीच म्हटलं की मे महिना होता, पाणी संपलं होतं, कोणाच्याही हातून हे झालं असतं.

"तिसरा टँकर आणता आला असता," ते म्हणाले.

दवाखान्याने पुलर घेतला. नाना पुढची सात वर्षं ती व्हॅन चालवत होते. ती अनेकदा रुतली. दर वेळी ते स्टेपनी पुरून, दांडा ओढून गाडी बाहेर काढत. गावकरी जोडी घेऊन आले तरी हाताने नको म्हणत. सरकीचा डबा त्यांनी गाडीतून काढला होता. "बांधायचं कशाला?" हा प्रश्नही मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकला नाही. नटांवर मात्र खडूच्या खुणा होत राहिल्या, पूर्वीपेक्षा जास्त. काही नटांवर दोन-दोन.

निवृत्त झाल्यावर ते भडगावकडे गेले असं कळलं. माझी बदली जळगाव आवृत्तीत झाली होती. गाठ पडली नाही.

नव्वदच्या दशकात एका पोळ्याला मी कामासाठी त्या भागात गेलो होतो. चिंचवाड्याची गाडीवाट आता डांबरी होती. नाल्यावर सिमेंटचा लहान पूल झाला होता. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा माणूस उकिडवा बसून गवत उपटत होता. डावा खांदा उतरलेला. मी गाडी थांबवली.

त्यांनी मला ओळखलं, पण उठले नाहीत. पोळ्याला इथे येतो, म्हणाले. एसटीने येतो आणि संध्याकाळी जातो. उखा आबा गेले, त्यांचा मुलगा जेवायला बोलावतो.

गवत उपटून झाल्यावर मला दिसलं. जमिनीतून जाड साखळीची एक कडी वर आली होती, वीतभर. खाली ट्रकचं चाक पुरलं आहे, ते म्हणाले. हे त्यांनी कधी केलं ते मी विचारलं नाही. कडीवर गंज नव्हता. तेल लावलेलं होतं.

गावाकडून एक ट्रॅक्टर आला. बॉनेटवर झूल, दिव्यांना गोंडे, पुढे बांधलेला नारळ. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून हात केला आणि वेग कमी न करता पुलावरून निघून गेला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी कडी धरली, पाय रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर ओढली. ती हलली नाही.

त्यांनी कानावरचा खडू काढला आणि कडीवर खूण केली.